सुपारीचं खांड, झोपेची उधारी

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलमध्ये दोन गोष्टींची टंचाई होते : झेरॉक्स आणि झोप! झेरॉक्स कुठून तरी मिळतात. झोपेच्या जागी मात्र येतो कटिंग चहा, नाहीतर सुपारी. कुणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं, "अरे, सुपारीच तर आहे, गुटखा थोडाच आहे!"

रायगडच्या किनाऱ्यावर हे उत्तर पटकन पटतं. श्रीवर्धनची रोठा सुपारी हा आपल्या भागाचा अभिमान. पूजेला सुपारी, लग्नाला सुपारी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळी आडव्या झाल्या तेव्हा कित्येक घरांचं उत्पन्नच गेलं. तेव्हा माझं भांडण वाडीवाल्यांशी नाही. ते आहे "सुपारीच तर आहे" या वाक्याशी.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे 'स्टिम्युलंट' हा शब्द आधी कळला, 'तरतरी' नंतर. पण ही तरतरी येते कुठून?

आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं. ते ठरावीक रिसेप्टर्सवर बसलं की झोप येते. चहा-कॉफीतलं कॅफीन याच जागा अडवून बसतं. ॲडिनोसिन साठायचं थांबत नाही, फक्त मेंदूला ते कळत नाही. म्हणजे आपल्या भाषेत, फ्यूएल गेजवर कागद चिकटवला, टाकीत पेट्रोल भरलंच नाही! शिवाय कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री ११ ची कॉफी पहाटे ४ लाही अर्धी अंगात असते.

सुपारीचा मार्ग वेगळा. तिच्यातलं ॲरेकोलिन ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाची नक्कल करतं. अंग गरम होतं, घाम येतो, तरतरी वाटते. माव्यात वर तंबाखू असतो. त्यातल्या निकोटीनमुळे डोपामाइन सुटतं आणि मेंदू 'अजून एकदा' म्हणायला शिकतो.

चहाची उधारी दोन रात्री नीट झोपून बरीचशी फिटते. सुपारीचं तसं नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कॅन्सरकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जातं, पुढे तोंड पुरतं उघडतही नाही. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. पण बंदी नाही म्हणजे धोका नाही, असं थोडंच आहे?

सरांना आणि मॅडमना एक विनंती. खिसे जरूर तपासा, पण सगळी सबमिशन्स एकाच आठवड्यात का येतात, तेही एकदा तपासा. आणि मित्रांनो, रात्री एक वाजता डोळे मिटायला लागले तर तो आळस नव्हे, ते मेंदूचं रीडिंग आहे. रीडिंग चुकीचं नसेल तर मीटर कशाला फोडायचा? सरळ झोपा. सुपारी पूजेच्या ताटातच शोभते!