कर्नल पुढे गेलं, व्हर्च्युअलबॉक्स मागे राहिलं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. घरगुती वापरासाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट मिळतात, पण तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या सावेडीत पाइपलाइन रोडच्या आसपास रूम करून राहणाऱ्या पोरांकडे जे सेकंडहँड लॅपटॉप दिसतात, त्यातले बरेचसे सहाव्या-सातव्या पिढीचे. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर उबुंटू आणतं. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलना लिनक्स चालतंच, त्यामुळे अभ्यास अडत नाही. अडतं ते टॅली, श्रीलिपी अशा विंडोजवरच्या कामांपाशी. त्यासाठी लिनक्सच्या आत व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात विंडोज बसवायचं. (ते विंडोज १० च असेल तर त्यातून बँकेचे व्यवहार करू नका.) सगळं छान चालतं, एका अपडेटपर्यंत.

अपडेटनंतर मशीन सुरू करायला गेलं की 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' असा मेसेज येतो. बहुतेक जण इथे व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकतात. परत तोच एरर. मग 'लिनक्स बेकार आहे' असा निकाल लागतो. मला हा निकाल पटत नाही.

व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरशी थेट बोलावं लागतं. ते काम त्याचं मॉड्यूल करतं, म्हणजे कर्नलच्या आत जाऊन बसणारा छोटा प्रोग्रॅम. हे मॉड्यूल कर्नलच्या मूळ कोडचा भाग नाही, बाहेरून येतं आणि तुमच्याच लॅपटॉपवर तुमच्या कर्नलसाठी कंपाइल होतं. कर्नल बदललं की पुन्हा कंपाइल करावं लागतं. नवीन कर्नल साधारण ९-१० आठवड्यांनी येतं. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे कर्नल बदललं? पण उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपवर नुसतं अपडेट दाबत राहिलात तरी कर्नल ६.८ वरून ६.११ आणि मग ६.१४ झालं.

लिनक्सचा नियम असा की नेहमीची ॲप्स मोडायची नाहीत, मात्र कर्नलच्या आतली रचना कधीही बदलू शकते. मे २०२५ मध्ये आलेलं ६.१५ घ्या. मॉड्यूल बांधताना 'एक्स्ट्रा सीफ्लॅग्ज' नावाची सेटिंग वापरायची जुनी पद्धत त्यात कायमची काढून टाकली. ती सोडा असं २००७ पासून सांगितलं जात होतं! व्हीएमवेअरच्या मॉड्यूलमध्ये ती तशीच होती. परिणाम असा की कंपायलरला हेडर फाइल कुठे शोधायच्या तेच कळेना. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, पण नव्या कर्नलसाठीचे पॅच बाहेरचे लोक बनवतात तेव्हा कुठे गाडी पुढे सरकते.

हाच घोळ तुमच्या हातातल्या फोनमध्येही होता, कारण अँड्रॉइडच्या खालीही लिनक्स कर्नलच आहे. गूगलने अँड्रॉइड १२ आणि कर्नल ५.१० पासून मूळ कर्नल एक ठेवून कंपन्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये टाकायला लावले, आणि त्या शाखेपुरतं दोघांमधलं नातं बदलायचं नाही असं ठरवलं. मूळ लिनक्समध्ये असा करार नाही.

मग करायचं काय? आधी लॉग वाचा. व्हर्च्युअलबॉक्सचा लॉग 'व्हार'मधल्या 'लॉग' फोल्डरमध्ये 'व्हीबॉक्स-सेटअप' नावाने असतो. शेवटची ओळ नाही, पहिला एरर शोधा. सर्वात साधं कारण म्हणजे चालू कर्नलचे हेडर्स नसणं. ते टाकून 'व्हीबॉक्सकॉन्फिग' पुन्हा चालवलं की काम होतं. दुसरं कारण कंपायलर. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बनलेलं होतं आणि लॅपटॉपवर असायचं जीसीसी ११, म्हणून ओळखीचा नसलेला ऑप्शन आला की कंपाइल थांबायचं. जीसीसी १२ टाकलं की प्रश्न मिटायचा. हेडर्स आणि कंपायलर दोन्ही ठीक असूनही एखादं फंक्शन सापडत नाही असं लॉग म्हणत असेल, तर तुमचं व्हर्च्युअलबॉक्स कर्नलपेक्षा जुनं आहे. नवीन आवृत्ती घ्या.

कधीकधी मॉड्यूल बनतं पण लोड होत नाही, 'की वॉज रिजेक्टेड' असं येतं. हे सिक्युअर बूटचं काम. मॉड्यूलवर सही लागते, आणि त्या सहीची किल्ली रीस्टार्टच्या वेळी येणाऱ्या निळ्या स्क्रीनवर पासवर्ड देऊन नोंदवावी लागते. घाईत तो स्क्रीन सोडून दिला की किल्ली नोंदली जात नाही. सिक्युअर बूट सरळ बंद करा असा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते दोन मिनिटं देऊन किल्ली नोंदवलेली बरी.

६.१२ कर्नलपासून आणखी एक गंमत आहे. केव्हीएम हे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन मॉड्यूल लोड होताच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेतं, आणि व्हर्च्युअलबॉक्सला 'व्हीटी-एक्स दुसरं कुणीतरी वापरतंय' असा एरर येऊ शकतो. केव्हीएमचं मॉड्यूल तात्पुरतं काढलं की चालतं.

पण मी उलटा सल्ला देईन. व्हर्च्युअलबॉक्स काढा आणि केव्हीएमच वापरा, सोबत व्हर्ट-मॅनेजर. केव्हीएम फेब्रुवारी २००७ च्या २.६.२० पासून मूळ कर्नलमध्येच आहे. त्यामुळे कर्नल बदलणारेच ते सोबत दुरुस्त करतात, तुम्हाला काही कंपाइल करावं लागत नाही. विंडोजसाठी व्हर्टआयओचे ड्रायव्हर वेगळे टाकावे लागतात आणि ग्राफिक्स तितकं गुळगुळीत नसतं, हे आहेच. टॅलीला त्याने फरक पडत नाही.

आणि उद्या सबमिशन आहे, आज रात्री मोबाइलचा डेटा संपलाय, अशी वेळ आली तर काहीच टाकायची गरज नाही. लॅपटॉप रीस्टार्ट करा, ग्रब मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा आणि आधीचं कर्नल निवडा. त्याच्यासाठी बांधलेलं मॉड्यूल काढून टाकलं नसेल, तर तुमचं विंडोज तिथे कालच्यासारखंच सुरू होईल.