फसवणूक सिद्ध करायची कशी?

अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीचे दर्शन घेऊन परतणारा मध्यमवर्गीय भाविक वाटेत स्वस्त घरांच्या जाहिराती वाचतो. मुंबईत न परवडणारे घर येथे मिळेल, या आशेने तो आयुष्याची पुंजी मोडतो, प्रसंगी पत्नीचे दागिने गहाण ठेवतो. उद्या तेच घर बेकायदा ठरले तर?

ही शंका निराधार नाही. टिटवाळा ज्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते, तिच्याच नावाच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवणाऱ्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ साली गाजले. ठाणे पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि तेथील कुटुंबांपुढे बेघर होण्याचे संकट उभे राहिले.

भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ने घेतली. कमाल सात वर्षांची शिक्षा कायम राहिली. गाभाही तोच आहे. दिलेला शब्द मोडला, एवढ्याने फसवणूक सिद्ध होत नाही. शब्द देतानाच मनात कपट होते, हे दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वारंवार अधोरेखित केला आहे. ‘मंजुरी रखडली, पैसा अडकला’ असे विकासकाने म्हटले, की प्रकरण दिवाणी वादाकडे झुकते आणि सामान्य माणूस वर्षानुवर्षे तारखा मोजत बसतो.

मनातले कपट न्यायालयाला दिसणार कसे? कृतीतून आणि कागदातून. परवानगी बनावट आहे हे ठाऊक असूनही तिच्या आधारे पैसे घेतले, तर कपट पहिल्याच दिवशी होते, हे तो कागदच सांगतो. म्हणून जाहिरात, पावती, धनादेशाची नोंद, करारनामा यांतील प्रत्येक चिटोरा जपला पाहिजे. बिनपावतीची रोकड देणारा ग्राहक स्वतःच्याच हाताने पुरावा पुसून टाकत असतो.

परंतु सारा भार ग्राहकावरच का? एका शासकीय यंत्रणेच्या नावाचा खोटा कागद दुसऱ्या यंत्रणेत खपतो, याचा जाब कोणी द्यायचा? कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापाऱ्यांच्या लबाडीपासून प्रजेचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य मानले आणि गुप्तपणे वा कपटाने केलेले व्यवहार अग्राह्य ठरवले. तो विवेक आजच्या प्रशासनात का दिसू नये?

१९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले, ते एकट्या ग्राहकाला संघटनेचे बळ मिळावे म्हणून. आज वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांनी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच शेजाऱ्यासोबत महापालिकेत जावे, मूळ परवानगी ताडून पाहावी, गरज पडल्यास माहितीचा अधिकार वापरावा. घर पडल्यावर सांत्वनाला जाण्यापेक्षा ही सेवा अधिक मोलाची आहे.