स्वस्त यंत्र, महाग मोजणी



रायपूर विभाग २००३ साली झाला. रूळ, वसाहती, हद्दीचे दगड यांची मोजणी आता टोटल स्टेशनने होते. कोन व अंतर एकाच यंत्रात. पाच सेकंदांचे यंत्र १०० मीटरवर सुमारे अडीच मिलिमीटर फरक दाखवू शकते. हद्दीच्या कामाला एवढे चालते. पण उन्हाने, धुळीने, धक्क्याने यंत्र बिघडले तर महाग यंत्रही खोटेच बोलते. म्हणून नुसता कमी दर पाहू नये. कॅलिब्रेशनचा दाखला, जवळचे दुरुस्ती केंद्र, जादा बॅटरी आधी मागावी. मोजणी चुकली की जाब खलाशाला विचारतात, खरेदी करणाऱ्या साहेबाला नाही. तेव्हा यंत्र उन्हात उभे करणाऱ्याला खरेदीआधी विचारा, हीच आमची मागणी.