चटणी चालते, भुकटी अडते

किडे खाल्ले तर पृथ्वी वाचेल, असं गेली दहा-बारा वर्षं आपल्याला सांगितलं जातंय. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये त्यावर जाडजूड अहवालच काढला. हिशेबात खोट नाही. किड्याला अंग गरम ठेवायला खाणं जाळावं लागत नाही, त्यामुळे किलोभर वजन वाढायला त्याला साधारण दोन किलो खाद्य पुरतं. गाईगुरांना आठ किलो लागतं.

पण हिशेब पटला म्हणून घास उतरतो थोडाच! युरोपीय संघाने २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्म अळीला अन्न म्हणून मान्यता दिली. मग अळ्या दळून त्यांची भुकटी बिस्किटांत, पास्त्यात मिसळणं सुरू झालं. जे दिसू नये म्हणून दळायचं, ते लोकांनी हौसेने कसं मागावं? फ्रान्समध्ये इन्सेक्ट नावाच्या कंपनीने अळ्यांचा प्रचंड कारखाना उभारला. तिचा मुख्य माल होता मासे आणि पाळीव प्राण्यांचं खाद्य. तरीही २०२४ मध्ये तिला देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं.

त्याच वर्षी जानेवारीत ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला भौगोलिक मानांकन मिळालं. काई म्हणजे पानं शिवून झाडावर घरटं बांधणाऱ्या लाल मुंग्या. घरटं उतरवणाऱ्याला त्या कडकडून चावतात. मग अंड्यांसकट मुंग्या मीठ, मिरची, आलं, लसूण घालून वाटायच्या. आंबटपणासाठी चिंच-लिंबू नको. मुंगीच्या अंगातलं फॉर्मिक आम्ल पुरेसं. बस्तरमध्ये हीच चटणी चापडा म्हणून आठवडी बाजारात विकतात, आपल्या गडचिरोलीतले माडियाही ती खातात. यातल्या कुणाला प्रथिनांचा तक्ता दाखवावा लागला नाही. चटणी झणझणीत लागते, म्हणून खातात.

ऐकूनच नाक मुरडणाऱ्यांनी, विशेषतः आम्हा कोकण्यांनी, जरा जपून मुरडावं. सुका जवळा आपण डोळे-मिशांसकट कांद्यावर परततो, आणि कोळंबी ही किड्यांची लांबची भावकीच. इतकी, की कोळंबी न सोसणाऱ्याला किडेही बाधू शकतात. युरोपात तसा इशारा पाकिटावर छापावा लागतो. आमच्या एका मावशीचे ओठ कोळंबीने टम्म सुजतात. चापडाचं वर्णन ऐकून ती एकटीच निर्धास्त होती, तिला आग्रह करायची कुणाची छाती नव्हती.