भजनातले टिळक

रेव्हरंड ना. वा. टिळक आम्ही वर्गात शिकवतो ते ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून. त्यांची ख्रिस्ती भजने मात्र देवळाबाहेर काढलेल्या चपलांसारखी वर्गाबाहेरच ठेवतो. गेल्या पावसाळ्यात मिरजेच्या एका रुग्णालयात आईच्या उशाशी जागत असताना शेजारच्या खाटेवरील वृद्धेभोवती तिची माणसे दबक्या आवाजात भजन म्हणू लागली. वळण थेट अभंगाचे. ते टिळकांचे, हे मागाहून कळले. आम्ही ख्रिस्ती नव्हे. तरी त्या रात्री प्रथमच आमचा डोळा लागला.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या १९०० साली. मधल्या वर्षांची होरपळ आपण ‘स्मृतिचित्रे’त वाचतो, वाखाणतो. पण त्याच होरपळीतून गेलेल्या कवीने ओवी-अभंगांतून ख्रिस्ताला आळवले, ते आपल्याला केवळ ‘धार्मिक’ वाटते! अमेरिकेतील कृष्णवर्णीय गुलामांनीही मालकांचा धर्म घेतला, सूर मात्र स्वतःचा लावला. त्या गीतांचा गौरव करताना आपण अडखळत नाही. टिळक तर तुकोबांचे ऋण उघड मानत. उपदेशपर म्हणून त्यांची भजने वगळायची, तर तुकोबांचा गाथा कोणत्या तोंडाने शिकवायचा?

पहाटे त्या वृद्धेच्या सुनेने भजन सांगितले, आम्ही वहीत उतरवून घेतले. अजून ते वर्गात नेलेले नाही.