पंचेचाळीस अंशांतला प्रोसेसर

मार्च सरत आला की नागपुरात संगणकाच्या तक्रारी सुरू होतात. व्हिडिओ रेंडर होताना मशीन मध्येच मंदावतं, पंखा घरघरतो, गेम अडखळतो. मग ठरलेला प्रश्न येतो: ‘‘काका, वॉटर कूलिंग बसवून घेऊ का?’’ विचारणारा बहुतेक वेळा विशीतला असतो. काचेचं कॅबिनेट आणि त्यातल्या रंगीत दिव्यांच्या नळ्या त्याच्या मनात भरलेल्या असतात आणि वडिलांकडून आठ-दहा हजार मागायची तयारीही झालेली असते. तो पैसा मागण्याआधी त्याने हे वाचावं, म्हणून आजचा लेख.

प्रोसेसरच्या थंडाव्यात पाण्याचं काम हमालाचं. प्रोसेसरवर तांब्याची पट्टी बसते, तिच्यातून वाहणारं द्रव उष्णता उचलतं, पंप ते नळीतून रेडिएटरपर्यंत ढकलतो आणि तिथले पंखे ती उष्णता खोलीच्या हवेत सोडतात. म्हणजे शेवटी गाठ खोलीच्या हवेशीच आहे. हवा चाळीस अंशांवर असेल तर त्या नळ्यांमधलं पाणी कितीही फिरवा, चाळीसच्या खाली जाणार नाही. दोनशे वॉट उष्णता निघत असेल तर पाण्याने असो वा पंख्याने, दोनशे वॉटच खोलीत येणार. छोट्या बंद खोलीत तासाभरात ते अंगाला जाणवतं.

इथेच परदेशी चाचण्यांचे आकडे आपल्याला फसवतात. त्या बहुधा एकवीस-बावीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या असतात. तिथे एखादा कूलर प्रोसेसरला सत्तर अंशांवर ठेवत असेल, तर तो हवेपेक्षा अठ्ठेचाळीस अंश वर आहे. हा फरक त्याच कामाला साधारण तेवढाच राहतो. मग मे महिन्यात, एसी नसलेल्या आणि चाळीस अंश तापलेल्या नागपूर-चंद्रपूरच्या खोलीत तोच प्रोसेसर अठ्ठ्याऐंशीला पोहोचणार. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही, तो आपला वेग उतरवतो. रेंडर रेंगाळतं ते म्हणून.

आता पाणी की हवा? २४० मिलिमीटरच्या रेडिएटरवर १२० मिलिमीटरचे दोन पंखे असतात. चांगल्या दुहेरी टॉवर एअर कूलरवरही तेवढेच दोन पंखे असतात. पाण्याला तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली काही मिनिटं आकडे सुंदर दिसतात. लग्नाचा तासभराचा व्हिडिओ रेंडरला लावला की पाणीही तापून स्थिरावतं आणि दोघांमधला फरक बराच आटतो. सहा-आठ कोअरच्या प्रोसेसरला साधा टॉवर कूलर पुरतो आणि अडीच-तीन हजारांत तो चांगला मिळतो. रायझन ७ ७८००एक्स३डी गेमसाठी इतका नावाजला गेला, पण खेळताना तो फार वीज खातच नाही. त्यावर ३६० चा रेडिएटर चढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पाण्याची खरी गरज लागते ती वरच्या टोकाला. कोअर आय९-१३९००के पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, रायझन ९ ७९५०एक्स २३० पर्यंत. तासन्‌तास थ्रीडी रेंडर किंवा सिम्युलेशन चालवणाऱ्याने ३६० चा एआयओ, म्हणजे पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा तयार संच, जरूर घ्यावा. मोठी यंत्रं तर फार आधीपासून पाण्यावर चालतात. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या संगणकांना पाणी पुरवलं. १९८५ चा क्रे-२ चक्क विद्युतरोधी द्रवात बुडवलेला असे. आपल्या पुण्यात आयसर संस्थेत २०१९ पासून असलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकातही द्रवच प्रोसेसरची उष्णता वाहून नेतं. पण त्या यंत्रांच्या दिमतीला अभियंते असतात. घरच्या एआयओचा पंप बंद पडला की काही क्षणांत तापमान चढतं आणि बहुधा सगळा संचच बदलावा लागतो. एअर कूलरचा पंखा गेला तर काही शे रुपयांत नवा येतो आणि तोवर नुसता हीटसिंकही थोडंफार निभावून नेतो. शिवाय नळ्यांच्या भिंतींतून द्रव वर्षानुवर्षं अगदी हळू झिरपून कमी होतं आणि आत हवा जमते. ती हवा पंपात शिरू नये म्हणून रेडिएटर वर आणि पंप त्याच्या खाली, अशीच जोडणी करून घ्या. स्वतः नळ्या जोडून लूप करणाऱ्यांनी बोअरचं पाणी सोडाच, आरओचंही भरू नये. त्यासाठी तयार कूलंट मिळतं. आणि एकाच लूपमध्ये तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र आणू नये. ॲल्युमिनियम गंजून खलास होतं.

या सगळ्या चर्चेत थर्मल पेस्टकडे कोणी बघत नाही, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते तिच्याबद्दल. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोघांवर बारीक ओरखडे आणि खळगे असतात. त्या खळग्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६, तांब्याची सुमारे ४०० आणि पेस्टची, कंपन्यांच्या दाव्यानुसार, साधारण ४ ते १४. म्हणजे तांब्यापुढे पेस्ट अगदीच मंद, पण हवेपेक्षा शेकडो पट सरस. तिचं काम फक्त हवा हुसकण्याचं, म्हणून थर जितका पातळ तितका चांगला. आर्क्टिकची एमएक्स-४, नॉक्टुआची एनटी-एच१ किंवा महागडी क्रायोनॉट, चांगल्या पेस्टींमधला आपसातला फरक दोन-चार अंशांचाच पडतो. वाईट बसवलेल्या कूलरने वीस अंश सहज जातात.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एका मुलाचं मशीन उघडलं. रेंडर सुरू केल्याबरोबर आकडा शंभरला टेकत होता आणि दुकानदाराने त्याला एआयओचं कोटेशन देऊन टाकलं होतं. पुढच्या जाळीवर धुळीचा गालिचाच होता. चारही स्क्रू सैल केले, कूलर हळूच पिळला (सरळ ओढला तर जुन्या सॉकेटमधून प्रोसेसरही सोबत उपटून येतो) आणि उलटा केला. तांब्याच्या तळावर पारदर्शक प्लास्टिकची फिल्म तशीच चिकटलेली! ‘बसवण्याआधी काढा’ हे तिच्यावरचं लाल इंग्रजी वाक्य पेस्टच्या करड्या थराखालून वाचता येत होतं. ज्याने मशीन जोडलं त्याने ती सोलली नव्हती आणि त्या पोराने त्यावर दोन उन्हाळे काढले होते. फिल्म काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ फडक्याने दोन्ही बाजू चकचकीत पुसल्या, मधोमध वाटाण्याएवढा ठिपका ठेवला, कूलर सरळ खाली टेकवला. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आळीपाळीने आवळले. तीच खोली, तोच व्हिडिओ. आकडा ऐंशीच्या आसपास थांबला. खर्च झाला एका ट्यूबचा, तीही निम्मी उरली.

पेस्ट बोटाने फासू नका. टूथपेस्ट लावणाऱ्यांचं ऐकू नका, ती काही दिवसांत वाळून निकामी होते. लिक्विड मेटलच्या नादी घरी कोणीच लागू नये: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं आणि ते विजेचं वाहक असल्यामुळे एक थेंब मदरबोर्डवर सांडला की शॉर्ट सर्किट. ट्यूब मात्र ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, कारण नामांकित पेस्टींच्या नकलाही बाजारात फिरतात.

एक उपाय तर फुकटचा आहे. रायझनच्या बायोसमध्ये इको मोड असतो, इंटेलमध्ये वॉटची मर्यादा ठरवता येते. वीज बरीच कमी केली तरी रोजच्या कामाचा वेग त्या मानाने थोडाच उतरतो. विदर्भात एप्रिल ते जून मी सगळ्यांना हेच सांगतो. खिडकीतल्या कूलरने खोली थंड होते ते संगणकालाही मानवतं, फक्त कॅबिनेट त्या ओल्या झोतात ठेवू नका.

आणि मराठीत संगणकाचे व्हिडिओ करणाऱ्या तरुण मित्रांना एक विनंती. परदेशी आकडे वाचून दाखवण्याऐवजी अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या एसी नसलेल्या खोलीत भर मे महिन्यात कूलरच्या चाचण्या घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी खोलीचं तापमान ठळक लिहा. तुमचा तो एक तक्ता इथल्या कितीतरी घरांचे आठ-दहा हजार वाचवेल.