म्हणे, पर्याय नाही!

बाबा आमटे म्हटलं की आपल्यापैकी दहातल्या नऊ जणांना आनंदवन, कुष्ठरोगी आणि दिवाळीची ग्रीटिंग कार्डं आठवतात. तेवढंच आठवणं आपल्या सोयीचंही आहे. संताला नमस्कार केला, देणगीची पावती करसवलतीसाठी फाइलला लावली, की आपण मोकळे! पण हा माणूस सरकारला पत्रंही लिहायचा, आणि ती मात्र आपण पद्धतशीरपणे विसरलोय. माझ्या मते संत बाबांपेक्षा पत्रलेखक बाबा आज जास्त कामाचे आहेत.

बाबा मूळचे वकील. वरोऱ्याजवळच्या खडकाळ, जंगली जमिनीवर त्यांनी आनंदवन उभं केलं, १९५१ साली. पुढे १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. म्हणजे माडियांच्या मुलखात ते बाहेरून येऊन वसलेलेच. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत असे वसाहतवाले हजारोंनी होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने त्यांना १६० एकर जमीन मिळायची. आपल्या पुढाऱ्यांना ते काय लिहायचे? जमीन द्या, रेल्वे आणा, इथल्या मूळ लोकांपासून रक्षण करायला फौज पाठवा! बाबांचं पत्र याच्या बरोब्बर उलटं होतं. इथल्या मूळ लोकांना हलवू नका, असं सांगणारं.

प्रकरण धरणांचं होतं. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली. माडिया-गोंडांची गावं आणि जंगल पाण्याखाली जाणार होतं. विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. त्यात लालशाम शहा महाराज होते, बाबा होते आणि मुख्य म्हणजे आदिवासी होते. बाबांनी थेट पंतप्रधानांना लिहिलं आणि ऑगस्ट १९८४ मध्ये इंदिरा गांधींचं उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा: विकासप्रकल्पांमुळे आदिवासी विस्थापित होतात याचं मला फार वाईट वाटतं, त्यातून प्रकल्पाचे अधिकारी पुनर्वसन नेहमी नीट करतातच असं नाही, पण कधी कधी पर्याय नसतो, व्यापक हितासाठी पुढे जावं लागतं.

आता हे उत्तर जरा सावकाश वाचा. आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू, वोन्ट फिक्स' म्हणतात. दोष आहे हे मान्य, दुरुस्त करणार नाही हेही मान्य, तिकीट बंद! पण निदान दोष लेखी मान्य झाला. देशाच्या पंतप्रधानांनी सही करून सांगितलं की पुनर्वसन धड होत नाही. मोर्चातल्या घोषणेला सरकार कानाडोळा करू शकतं. पत्राला उत्तर द्यायचं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण एकदा कागदावर आलं की ते तपासता येतं.

मग तपासूया की. ती दोन्ही धरणं आजतागायत झालेली नाहीत. नुसत्या पत्राने ती थांबली असं कुणी समजू नये. पण चाळीस वर्षं झाली आणि देश चालू आहे. म्हणजे पर्याय होता! तो शोधायची गरज कुणाला वाटली नव्हती, एवढंच.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. बाबांना उत्तर आलं कारण ते बाबा आमटे होते. १९७१ सालीच पद्मश्री मिळालेले. भामरागडच्या एखाद्या माडियाने अर्ज केला असता तर? तहसीलच्या आवक-जावक रजिस्टरपलीकडे तो गेला असता का? मला नाही वाटत.

म्हणूनच मला लेखा-मेंढाची गोष्ट बाबांच्या पत्राचा पुढचा भाग वाटते. धानोरा तालुक्यातलं हे छोटं गोंड गाव. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो वनखातं देईना. १९२७ च्या वनकायद्याच्या लेखी बांबू हे तेव्हा झाड होतं, २००६ च्या वनहक्क कायद्याच्या लेखी गौण वनोपज. एकाच शब्दाच्या दोन व्याख्या! ग्रामसभेने पिच्छा सोडला नाही. शेवटी मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की बांबू हे गौण वनोपजच आहे, आणि २७ एप्रिलला स्वतः गावात येऊन परवान्याचं पुस्तक देवाजी तोफांच्या हाती दिलं. इथे कुणी महापुरुष मध्ये नव्हता. ग्रामसभेचा ठराव होता आणि त्यामागे कायदा होता.

हा इतिहास झाला म्हणता? सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज झालं, २०१९ मध्ये थाटात उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. दरम्यान सिरोंचा तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्याच. व्यापक हित ते हेच का?

तेव्हा मंडळी, बाबांच्या फोटोला हार घालायचा तर जरूर घाला. पण पुढच्या वेळी कुणी 'पर्याय नाही' म्हणालं, तर कोणकोणते पर्याय तपासले ते लेखी मागा. आणि ज्यांची जमीन जाणार आहे त्यांच्या ग्रामसभेच्या कागदाला, बाबांच्या पत्राला मिळालं होतं तेवढं तरी उत्तर मिळतंय का, ते बघा.